आमच्या मिस्त्री मामांना, मनापासून

मिस्त्री मामा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात नेऊन देता आलं असतं. पण आपल्या भागात घर बांधायला काढलेल्या चार जणांनी तुमचं काम समजून घ्यावं असं वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. घर बघायला येणारे फरशीचं आणि खिडक्यांचं कौतुक करतात. मला आभार मानायचे आहेत ते गिलाव्याखाली गेलेल्या कामाचे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात काय झालं ते किल्लारीच्या आसपास कुणाला सांगायला नको. आमची आजी त्या पहाटे माळवदाखाली गेली. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हींना धरणारा जोडदगड नाही. वर लाकडांवर मातीचा जाड थर. भूकंपाच्या नकाशात आपला भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो मध्यम धोक्याच्या, तिसऱ्या पट्ट्यात गेला 2002 साली. बाबांनी त्या दिवसानंतर डोक्यावर पत्राच ठेवला. उन्हाळ्यात खाली बसवत नसे, तरी स्लॅबचं नाव काढू देत नसत.

तुम्ही त्यांना समजावत बसला नाहीत, कामावरच बसवून घेतलंत. काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत पाया खाली नेला, तेव्हा ते काठावर होते. जोत्यावरच्या काँक्रीटच्या पट्टीची सळई बांधताना तुम्ही त्यांना कोपरा दाखवलात: सळई कोपऱ्यावर तोडायची नाही, वळवून दुसऱ्या भिंतीत पुरेशी लांब न्यायची. "दादा, भिंतींनी एकमेकींना धरलं पाहिजे," एवढंच म्हणालात. ती पट्टी जोत्याला, मग दारं-खिडक्यांच्या वर, मग स्लॅबच्या खाली, घराभोवती कुठंही न तुटता फिरली. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत प्रत्येक कोपऱ्यात पायापासून 12 मिमीची उभी सळई आली आणि तिच्याभोवतीची पोकळी तुम्ही काँक्रीटनं भरत गेलात. तीही एकदम वरून ओतून नाही. थोडे थर चढले की भरायचं, सळईनं टोचून बसवायचं, मग पुढचा थर. ओळंबा तर तुमच्या हातातून सुटलाच नाही.

सळयांना वेढून धरणाऱ्या रिंगांची टोकं आत वळवायला वेळ लागतो, पोरं कंटाळतात. नुसती काटकोनात दुमडली तर हादऱ्यात उघडतात, म्हणून प्रत्येक टोक 135 अंशांत आत गेलंच पाहिजे, हा तुमचा हट्ट. अंधार पडत आला तरी तुम्ही राहिलेल्या रिंगा स्वतः वळवल्यात. त्यासाठी जास्तीची मजुरी तुम्ही मागितली नाहीत आणि मी द्यायला गेलो तर घेतली नाहीत. मामा, हे मी विसरणार नाही.

आमच्या बोळात मिक्सर शिरत नव्हता, सगळा माल हातानं कालवला. जमिनीवर नाही, पत्र्यावर. आधी वाळू-सिमेंट कोरडं, रंग एकसारखा होईपर्यंत, मग खडी, मग पाणी. हातानं कालवायचं म्हणून सिमेंट दहावा हिस्सा जास्त. आणि पाणी! 50 किलोच्या गोणीला 25 लिटरच्या आसपास, त्यापुढं बादली तुमच्या परवानगीशिवाय उचलायची नाही. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो, म्हणून शेजारीपाजारी, पाहुणे, सगळे सांगत होते, "अजून थोडं सोडा." तुम्ही कुणाला उलट बोलला नाहीत, पण पाणीही सोडलं नाहीत. जादा पाणी उडून जातं आणि मागं बारीक पोकळ्या राहतात, हे मला त्या दिवशी तुमच्याकडून कळलं.

स्लॅबच्या दिवशी घमेली चढवणाऱ्या मावशींचे आभार वेगळे मानायला हवेत. त्यांच्या साखळीत खंड पडला नाही, म्हणून आधीचा माल ओला असतानाच पुढचा पडत गेला. त्यांना माझा नमस्कार सांगा. नंतर आळी करून पाणी साठवलं, भिंतींवर गोणपाटं ओली ठेवली. विहिरीचं पाणी कमी होतं तरी बाबा ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नव्हते. सेंट्रिंग काढल्यावर ते आतून प्रत्येक कोपरा हातानं चाचपून आले आणि आईला म्हणाले, "माझी खाट आत घाल." आमच्या घरात या वाक्याची वाट किती वर्षं बघितली होती, ते तुम्हांला माहीत आहे.

दिवाळीनंतर माझ्या चुलतभावाचा पाया निघतोय. ब्लॉक आधीच पाडून मुरवत ठेव, असं त्याला सांगितलंय, आणि तारीख तुम्हांला विचारूनच ठरवायची, हेही. येताना रिंगा वळवायचा तो पाट घेऊन या. बाबा म्हणतात, या वेळी थोड्या रिंगा ते वळवणार.

तुमचा,
घरमालक नव्हे, घरचाच