नडगीवरच्या गाठी

प्रिय वसू,

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो पाहिले. दोन्ही नडग्यांवर लाल, गरम गाठी, हात लागला की कळ, बारीक ताप आणि सुजलेले घोटे. इतकं नेमकं तर माझे विद्यार्थीही लिहीत नाहीत. फोटोवरून निदान करू नये हे त्यांना मीच ओरडून सांगते, तेव्हा पुढचं सगळं ‘बहुधा’ लावून वाच.

बहुधा हा एरिथिमा नोडोसम आहे. नाव भारदस्त, पण आजार त्या मानाने सरळ. कातडीखालच्या चरबीत कप्पे असतात, त्यांच्यामधल्या पडद्यांना सूज येते. सूज खोल असल्याने गाठीची कड बोटाला धड सापडत नाही आणि गाठीला तोंडही पडत नाही. रंगावर मात्र लक्ष ठेव. आज लालभडक असलेली गाठ काही दिवसांत जांभळी होईल, मग हिरवट-पिवळी, मुका मार लागल्यावर होतं तशी. हा क्रम दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. गाठ फुटून चिघळली किंवा पोटरीच्या मागच्या बाजूला उठली, तर मात्र डोक्यात वेगळी नावं येतात: बाझिनचा आजार (क्षयरोगाशी जोडलेला, पोटरीवर चिघळणाऱ्या गाठींचा), रक्तवाहिन्यांचा दाह. एकाच पायावर, एकाच जागी लाली पसरत चालली असेल तर आधी जंतुसंसर्गच बघायचा.

आता ‘मलाच का?’ याविषयी. गाठीत जंतू नसतात. दुसरीकडे कुठेतरी काहीतरी घडतं आणि प्रतिकारशक्तीचा राग नडगीवर निघतो. ते ‘दुसरीकडे’ शोधणं हेच खरं निदान, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो स्ट्रेप्टोकोकस या जंतूमुळे दुखलेला घसा. गाठी साधारण 2 ते 3 आठवड्यांनी येतात, तोवर माणूस घसा विसरलेला असतो. त्यानंतर औषधं: सल्फा आणि पेनिसिलिन ही जंतूंवरची औषधं, गर्भनिरोधक गोळ्या. गरोदरपणातही होतं. क्षयरोग हे जुनं आणि अजूनही महत्त्वाचं कारण. आतड्यांचा दाह असेल तर पोटाच्या तक्रारींसोबत गाठी येतात, म्हणून शौचाबद्दल विचारलं तर लाजू नकोस.

तुझ्या घोट्यांमुळे मला आणखी एक गोष्ट आठवली. सारकॉइडोसिस नावाच्या आजाराची (यात शरीरात ठिकठिकाणी दाहाच्या बारीक गाठी होतात) सुरुवात कधीकधी अशीच होते: नडगीवर गाठी, घोटे सुजलेले आणि छातीत दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी लसिकाग्रंथी वाढलेल्या. स्वीडनच्या स्वेन लॉफग्रेन या डॉक्टरांच्या नावाने हे त्रिकूट ओळखलं जातं. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण यातले बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात. आणि हेही सांगते, बऱ्याच जणांत सगळं तपासूनही कारण सापडत नाही.

म्हणून छातीचा एक्स-रे टाळू नकोस. त्याबरोबर रक्ताची साधी तपासणी, ईएसआर (अंगात दाह किती आहे ते दाखवणारी रक्ततपासणी), घशाचा स्वॅब, एएसओ टायटर (स्ट्रेप्टोकोकस होऊन गेला का ते सांगणारी रक्ततपासणी; काही आठवड्यांनी पुन्हा करावी, आकडा चढतोय का ते बघायला) आणि क्षयरोगासाठी मांटू ही कातडीवरची चाचणी. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, बहुतेकांना लागत नाही. लागलीच तर चरबीपर्यंत खोल घ्यायला सांग. वरवरचा तुकडा काढला तर टाके पडतात आणि हाती काही लागत नाही.

‘लगेच स्टिरॉइड सुरू करा’ असं तुला कुणी सांगितलंय, ते मला पटलेलं नाही. क्षयरोग किंवा दुसरा संसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत थांब. गाठी झटक्यात बसतील खऱ्या, पण आत संसर्ग असला तर तो फोफावेल. तोवर आराम, पाय उशीवर उंच, सोसेल तेवढा घट्ट पट्टा आणि डॉक्टर देतील ती दुखणं-सूज कमी करणारी गोळी. पोट बिघडलेलं असेल तर ती घेण्याआधी त्यांना तसं सांग. 3 ते 6 आठवड्यांत गाठी जातात, व्रण राहत नाही. घोटे मात्र त्यानंतरही रेंगाळतात, तेव्हा चिडू नकोस.

गेल्या दोन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी करून डॉक्टरांकडे ने, डोकेदुखीच्या आणि पाळीच्या गोळ्यासुद्धा. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर परस्पर बंद करू नकोस, आधी त्यांच्याशी बोल. एक्स-रेचा रिपोर्ट आला की मला फोन कर, रात्री केलास तरी चालेल.

तुझी,
नलू