सोलर आमच्या छपरावर, पासवर्ड मात्र दुसऱ्याकडं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या आपल्या सांगली जिल्ह्यात गल्लीगल्लीत छपरावर सोलर दिसायला लागलंय, पीएम सूर्यघरची ७८ हजारांची सबसिडी आहे म्हटल्यावर लोकं बसवणारच, आम्ही पण बसवलं, ५ किलोवॅट. पॅनल कुठलं घ्यायचं यावर आमच्याकडं दोन महिने चर्चा चालली, अगदी पाहुण्यांच्या लग्नात पंगतीत सुद्धा, पण भिंतीवर जो डबा लागतो त्या ग्रिड-टाय (म्हणजे विजेच्या लाईनीला जोडलेल्या) इन्व्हर्टरबद्दल एकानं एक प्रश्न विचारला नाही. आमची चूक तिथंच झाली म्हणून हे पत्र.

आधी एक सांगतो कारण निम्म्या लोकांचा इथंच घोळ होतोय. आपण इन्व्हर्टर म्हणतो तो लाईट गेल्यावर बॅटरीवर पंखा चालवणारा, हा तसा नाही. लाईट गेली की हा पण बंद होतो, डोक्यावर कडक ऊन असलं तरी. आमच्या आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, एवढे पैसे घातले आणि लाईट गेली तर हे पण गेलंच की रे! पण ते मुद्दाम केलेलं असतंय, खांबावर वायरमन चढलेला असताना आपल्या छपरावरनं करंट उलटा लाईनीत गेला तर माणूस जाईल. त्याला अँटी-आयलँडिंग म्हणतात आणि ते कुणी बंद करायला सांगितलं तर त्याला घरात घेऊ नका.

आता आमचं दुखणं. दुपारी १२ ते २ आमच्या लाईनीवर सगळ्यांचं सोलर जोरात, घरात वापर काही नाही, माणसं रानात नाहीतर ऑफिसात, मग व्होल्टेज चढतंय. इन्व्हर्टरची लिमिट २३० च्या १० टक्के वर म्हणजे २५३, आमच्याकडं मीटरवर २५६-२५७ मी स्वतः बघितलंय. मग इन्व्हर्टर ट्रिप होतो, थोड्या वेळानं परत चालू होतो, परत ट्रिप. म्हणजे ऐन सुगीत दुकान बंद! ५ किलोवॅटला चांगल्या उन्हात दिवसाला २० युनिटच्या आसपास निघायला पाहिजे, आमच्याकडं त्या दोन तासातलं निम्मं तरी पाण्यात जातंय.

ह्याला उपाय आहे आणि तो त्याच डब्यात आहे. व्होल्टेज चढायला लागलं की पूर्ण बंद व्हायच्या ऐवजी पॉवर थोडी थोडी कमी करायची, ५ चं ४ कर, ३ कर, पण चालू रहा. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये ही सोय असते, व्होल्ट-वॅट नावानं, आमच्यात पण आहे, मेनूत दिसतंय, हात लावला की इन्स्टॉलरचा पासवर्ड मागतोय. फोन केला तर म्हणे कंपनीला मेल टाकलाय. एकानं दुसराच उपाय सुचवला की ट्रिपची लिमिटच २७० करून देतो. मी नको म्हटलं, मग घरातला फ्रीज-टीव्ही कुणी भरून द्यायचा?

आता आमच्या मेव्हण्याचं बघा, पलूसला असतोय, त्याचा पोरगा इलेक्ट्रॉनिक्सवाला. त्या पोरानं पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला एकच गोष्ट मागितली, मॉडबसची (मशीनशी वायरीवरनं बोलायची भाषा) रजिस्टर लिस्ट. म्हणजे इन्व्हर्टरच्या कुठल्या पत्त्यावर व्होल्टेज वाचायचं आणि कुठल्या पत्त्यावर पॉवरची टक्केवारी लिहायची त्याचा तक्ता. दोघांनी दिलीच नाही, तिसऱ्यानं पीडीएफ पाठवली, त्याच्याकडनं घेतला. मॉडबससाठी असलेल्या आरएस-४८५ च्या दोन वायरी बाहेर काढल्या, तीनशे-चारशे रुपयांचा ईएसपी-३२ बोर्ड (छोटा कॉम्प्युटरच) लावला, २५० च्या वर गेलं की १० टक्के कमी, २४६ च्या खाली आलं की परत वाढव. कटकट संपली. परत पाण्याचा गिझर पण त्यावरच जोडलाय, जास्तीची वीज असली की पाणी तापतंय.

त्या पोरानं मला दोन गोष्टी सांगितल्या त्या छापा, कुणाच्या तरी कामाला येतील. एक, काही इन्व्हर्टरमध्ये पॉवरची लिमिट लिहिली की ती कायमच्या मेमरीत जाते आणि असली मेमरी साधारण लाखभर वेळा लिहिलं की संपते. दर १० सेकंदाला लिहिलं तर दिवसाचे १० तास धरून ३६०० वेळा, म्हणजे महिन्याच्या आत लाख! म्हणून तात्पुरती लिमिट लिहायचं वेगळं रजिस्टर आहे का ते आधीच विचारायचं, आणि नसलं तर बदल होईल तेव्हाच लिहायचं, सारखं नाही. दुसरं, आपला बोर्ड मध्येच बंद पडला तर इन्व्हर्टर शेवटच्या आकड्यावर अडकून बसतो का आपोआप मूळ जागेवर येतो. सनस्पेक नावाची एक सामाईक पद्धत आहे त्यात ह्याला टायमर ठरलेला आहे. फ्रोनियस, एसएमए असल्या कंपन्यांच्या मशीन सनस्पेक बोलतात, पण महाग पडतात, आपल्या बजेटला बाकीचे बघावे लागतात. आणि नुसतं मोबाईल ॲप दाखवून "सगळं कंट्रोल होतंय की साहेब" म्हणाले तर भुलू नका, ते ॲप बहुतेक वेळा बाहेरच्या सर्व्हरवरनं चालतं, वायफाय गेलं की कंट्रोल गेला.

संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच की सबसिडी आपल्या सगळ्यांच्या पैशातनं जाते, तर ज्याला मशीन विकली त्याला तिची रजिस्टर लिस्ट आणि पॉवर कमी-जास्त करायचा पासवर्ड वॉरंटी कार्डाबरोबर लेखी मिळाला पाहिजे, तशी अटच सरकारनं घालावी. सेफ्टीच्या सेटिंग खुशाल कुलपात ठेवा, त्याला आमची ना नाही. आणि वीजवाल्यांनी पण जिथं सोलर जास्त झालंय तिथं ट्रान्सफॉर्मरला टॅप (व्होल्टेज पायरीपायरीनं कमी-जास्त करायची सोय) असला तर एक पायरी खाली घेऊन बघावा, अर्ज मी दिलाय.

मेल टाकल्याला आज सव्वीस दिवस झाले. हे लिहिताना दुपारचा एक वाजलाय, २५७ दाखवतंय, आणि भिंतीवरची लाल लाईट लागली बघा.

आपला,
एक वाचक, तासगाव