विषय : २५०-०-२५० म्हणून दिलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजू सारख्या नसल्याबाबत तक्रार

दि. २२ जानेवारी
सोलापूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

रेकॉर्ड ऐकायच्या व्हॉल्व्ह प्रीअँपच्या (बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राच्या) पॉवर सप्लायसाठी मी आपल्याकडून एक ट्रान्सफॉर्मर खास बनवून घेतला. मागणी अशी होती : प्रायमरी २३० व्होल्ट, सेकंडरी २५०-०-२५० (मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना २५० व्होल्ट), ४० मिलिअँपिअर, हीटरसाठी ६.३ व्होल्ट, दीड अँपिअर आणि मधे स्क्रीन (प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामधला पत्रा). स्क्रीनचे ३०० रुपये वेगळे धरून एकूण २,८५० रुपये आगाऊ भरले. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीतून वाट काढत पार्सल घरी आणले आणि त्याच रात्री मीटर लावला.

घरचा मेन २२९ व्होल्ट होता. लोड नसताना एका बाजूला २८७ आणि दुसऱ्या बाजूला २६८ व्होल्ट आले. लहान ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना दहा टक्के जास्त दाखवतो, हे मला मान्य आहे. दोन्हीकडे २७५ आले असते तर मी हे पत्र लिहिलेच नसते. माझी तक्रार आकडा मोठा असल्याची नाही, दोन बाजूंत १९ व्होल्टांचा फरक असल्याची आहे.

फोनवर आपल्या तंत्रज्ञांनी दोन कारणे सांगितली. पहिले, "सोलापूरला पॉवरलूम आहेत, तिथे व्होल्टेज वरखाली होणारच." अहो, मेन चढला तर दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात चढतील. माग एका बाजूला धरून आणि दुसरीला सोडून व्होल्टेज चढवत नाहीत! दुसरे कारण असे की बाहेरच्या वायंडिंगला तार जास्त लागते, म्हणून रेझिस्टन्स वाढतो आणि व्होल्टेज कमी होते. तार जास्त लागते हे खरे. पण रेझिस्टन्समुळे व्होल्टेज पडायला करंट वाहावा लागतो. मीटर सोडून काहीच जोडलेले नव्हते, मग पडेल कशाने? रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज ठरते ते टर्नच्या (वेढ्यांच्या) संख्येवर. मी सूतगिरणीच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षे मोटार रिवायंडिंग केले आहे. आपल्या कारागिराची मोजणी चुकली आहे, एवढेच. चूक कोणाचीही होते, ती विजेवर आणि मागांवर ढकलली याचा राग आहे.

या फरकाचा परिणामही सांगतो. माझ्या प्रीअँपमध्ये दोन १२एएक्स७ व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे सिग्नल वाढवणारे चार भाग (ट्रायोड), प्रत्येकी सुमारे एक मिलिअँपिअर. ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) धरून साडेपाच मिलिअँपिअर होतात. (एवढ्याशा करंटला ईझेड ८० हा एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह लावणे ही निव्वळ हौस आहे, पण तो सावकाश तापतो आणि एचटी, म्हणजे डीसीचे मोठे व्होल्टेज, हळूहळू चढवतो, ते मला आवडते.) पहिला कपॅसिटर ३२ मायक्रोफॅरडचा, दोन्ही बाजूंनी तो आळीपाळीने भरायचा असतो. शंभर हर्ट्झच्या एका फेरीत तो जेमतेम पावणेदोन व्होल्ट उतरतो. कमी बाजूचे टोक मात्र १९ गुणिले १.४१४, म्हणजे सत्तावीस व्होल्ट खाली राहते. त्या बाजूची पाळी कधी येतच नाही. सगळे काम एकटी २८७ची बाजू करते, म्हणजे फुलवेव्हचा झाला हाफवेव्ह. रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) दुप्पट होतो आणि १०० ऐवजी ५० हर्ट्झवर येतो. त्यापुढची दोन आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टरची घरे या फ्रिक्वेन्सीला १०० हर्ट्झच्या मानाने प्रत्येकी निम्म्यानेच अडवतात. हिशेब केला तर गुणगुण आठपट होते. त्यात हा प्रीअँप रेकॉर्डचा, ५० हर्ट्झ मुळातच सतरा डेसिबलने वर उचलणारा. नाट्यसंगीताच्या रेकॉर्डवर तानपुऱ्याशेजारी गिरणीचा भोंगा वाजत राहावा, तसे ऐकू येते.

वायरिंग चुकले असेल असे आपण म्हणाल, म्हणून तेही पाहिले. ईझेड ८० काढला आणि फक्त २६८च्या बाजूवर चार १एन४००७ डायोडचा ब्रिज रेक्टिफायर लावला. बाकी एकही तार हलवली नाही. गुणगुण गेली. कायमचा ब्रिज ठेवावा तर अर्धी सेकंडरी आणि रेक्टिफायर दोन्ही फुकट जातात.

हीटरचे वायंडिंग दीड अँपिअर लोडवर ७.२ व्होल्ट देते, ६.३ च्या चौदा टक्के वर. "रेझिस्टर टाका," असा सल्ला मिळाला. पाऊण ओहमचा रेझिस्टर मलाही टाकता येतो, पण ६.३ चे पैसे मोजून ७.२ का घ्यायचे? माझ्याकडचे व्हॉल्व्ह बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) जुने आहेत. ते जळाले तर तसे परत मिळायचे नाहीत, म्हणून अजून एकदाही या वायंडिंगवर चालवलेले नाहीत. वरच्या चाचण्यांत हीटर वेगळ्या सप्लायवर होते. स्क्रीनची म्हणून दिलेली काळी तार कपॅसिटन्स मीटरवर प्रायमरीशी काहीच दाखवत नाही. आत पत्रा असता तर शेकडो पिकोफॅरड दाखवले असते. टेप मी उकललेला नाही, ते आपणच उकलून पाहा.

मला नवा ट्रान्सफॉर्मर हवा आहे : दोन्ही बाजूंचे टर्न सारखे, लोडवर हीटर ६.३, स्क्रीन खरोखर बसवलेली. पाठवण्याआधी रिकाम्या आणि लोडवरच्या रीडिंगचा कागद सोबत जोडावा. जुना नेण्याचे भाडे आपले. हे जमत नसेल तर २,८५० रुपये आणि कुरिअरचे २४० रुपये परत करावेत. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहीन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. मीटरच्या रीडिंगचे फोटो, पावती आणि मागणीचा कागद सोबत जोडला आहे.

आपला,
(सही)
पूर्व भाग, सोलापूर