रजेच्या आठवड्यांचा हिशेब समजावून देणाऱ्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधील ज्या केअर होमचा (वृद्ध-आजारी माणसांच्या निवासी शुश्रूषागृहाचा) रोटा, म्हणजे कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक, आणि पगारपत्रक मी सांभाळते, तेथील कर्मचाऱ्यांच्या साप्ताहिक कामाच्या तासांची सरासरी काढताना रजेचे आठवडे कसे धरावेत, हे आपण निवृत्तीनंतरच्या निवांत वेळेतून सवड काढून मला सविस्तर समजावलेत. त्याबद्दल आपले मनापासून आभार मानावेत आणि हेच काम करणाऱ्या इतर मराठी मंडळींनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

पुण्यात नोकरी करताना ४८ तासांची मर्यादा माझ्या परिचयाची होती. परंतु १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ती मर्यादा प्रत्येक आठवड्याला स्वतंत्रपणे लागू होई आणि त्यापुढील कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागे. ब्रिटनच्या १९९८ च्या कामाच्या वेळेसंबंधीच्या नियमांत तेच ४८ तास सर्वसाधारणपणे १७ आठवड्यांच्या सरासरीने पाहिले जातात, त्यामुळे एखादा आठवडा ५५ तासांचा झाला म्हणून लगेच नियमभंग होत नाही. पेच पडतो तो कोणी रजेवर गेल्यावर.

आपण घेतलेले उदाहरण मी आता नव्या सहकाऱ्यांनाही सांगते. एक कर्मचारी आठवड्यातून पाच दिवस, रोज दहा तास काम करते आणि १७ आठवड्यांपैकी दोन आठवडे वार्षिक रजा घेते. उरलेल्या १५ आठवड्यांचे ७५० तास होतात. आमच्या कार्यालयात पूर्वापार चालत आलेली एक्सेल शीट त्यांना सरळ १७ ने भागत असे आणि उत्तर ४४.१ येई, म्हणजे कागदोपत्री सारे आलबेल. “बाई दर आठवड्याला पन्नास तास राबते आहे, मग हे चव्वेचाळीस आले कुठून?” हा आपला प्रश्न ऐकला आणि रजेच्या रकान्यातील शून्याने केलेली करामत माझ्या ध्यानात आली.

नियमानुसार रजेमुळे कामाचे जितके दिवस वगळले गेले, तितक्याच कामाच्या दिवसांचे तास त्या १७ आठवड्यांनंतर लगेच येणाऱ्या काळातून घ्यायचे, मूळ बेरजेत मिळवायचे आणि मगच १७ ने भागायचे. पुढचे दहा दिवसही दहा-दहा तासांचेच असतील, तर एकूण ८५० तास आणि सरासरी बरोबर ५० होते. त्याहून मोलाची गोष्ट आपण जाता जाता सांगितलीत: १७ गुणिले ४८ म्हणजे ८१६, त्यातून ७५० वजा केले की ६६ उरतात, म्हणून सरासरी मर्यादेत ठेवायची असेल तर त्या दहा दिवसांत तिला एकूण ६६ तासांहून अधिक काम देता येणार नाही. रोटा आखण्यापूर्वीच हा आकडा हाताशी असला, तर पुढची ओढाताण टळते.

ही खटपट कशासाठी, हेही आपण सांगितलेत. युरोपीय संघाने सदस्य देशांसाठी घालून दिलेल्या ज्या निर्देशाच्या चौकटीत हे नियम घडले, त्यात पगारी वार्षिक रजेने आणि आजारपणाच्या रजेने सरासरी वर किंवा खाली सरकू नये असे तत्त्व आहे. तसे नसते, तर माणसाने विश्रांतीसाठी घेतलेली रजाच त्याला एरवी जादा राबवून घेण्याची सबब ठरली असती. आजारपण, प्रसूती, पितृत्व आणि दत्तक यांसाठीच्या रजांनाही हीच रीत लागू आहे. नोकरीला १७ आठवडे पूर्ण न झालेल्यांच्या बाबतीत मात्र रुजू झाल्यापासूनचेच आठवडे धरायचे.

४८ तासांची मर्यादा आपल्याला लागू नको असे कर्मचारी ज्यात लिहून देतो, त्या संमतिपत्राबद्दल आपण जे बजावलेत, तेही येथे नोंदवते. ते लेखी आणि स्वेच्छेचेच असावे लागते, आणि कर्मचाऱ्याला किमान सात दिवसांची सूचना देऊन ते मागे घेता येते. करारात अधिक मुदत ठरलेली असली, तरी ती तीन महिन्यांपलीकडे नेता येत नाही. नेमणुकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात सहीसाठी पुढे सरकवलेले हे संमतिपत्र, नुकतीच या देशात आलेली कितीतरी मंडळी न वाचताच सही करून देतात, हे मी पाहिले आहे. म्हणून आता मी ते वेगळे देते आणि विचार करायला घरी न्यायला सांगते.

शीटमध्ये आता “वगळलेले दिवस” आणि “पुढील काळातील तास” असे दोन नवे रकाने आहेत. रात्रपाळीच्या तासांचे सूत्र निराळे असल्याने त्यासाठी स्वतंत्र पान केले आहे. ते सोबत पाठवत आहे. सवडीने एकदा नजरेखालून घालावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
रोटा सांभाळणारी आपली धाकटी सहकारी