इनसोल बुटात, टाच फरशीवर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पायाचे संगणकावर स्कॅन करून हजारो रुपयांचे इनसोल विकण्याच्या जाहिराती हल्ली जिकडेतिकडे दिसतात. टाचदुखीने बेजार झालेला माणूस पैसे मोजतो, इनसोल बुटात घालतो आणि महिन्याभराने म्हणतो, 'काही फरक नाही.' तो पडत नाही याची कारणे साधी आहेत.

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पाच-दहा पावले टाच टोचते, चालता चालता सैल होते आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा ठणकते. असे असेल तर तो बहुधा 'प्लांटर फॅशिआयटिस' असतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळाशी जाणारा जाड पट्टा टाचेपाशी दुखावलेला असतो. एक्स-रेमध्ये 'हाड वाढलंय' हे ऐकून लोक हबकतात. पण टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्याही पायात ते वाढलेले असते.

या दुखण्यात मापाने घडवलेला इनसोल तयार इनसोलपेक्षा सरस ठरतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. तेव्हा आधी तयारच घ्यावा. टाचेला खोलगट वाटी आणि तळव्याच्या कमानीला टणक आधार हवा. अंगठ्याने दाबल्यावर पार चेपून जाणारा फोम घेऊ नका, शरीराच्या वजनाखाली तो उरतच नाही. बुटातला मूळचा इनसोल काढून मगच नवा घालावा, नाहीतर पाऊल उंचावते आणि टाच मागून निसटते. सिलिकॉनचे हील पॅड दोन्ही पायांत घालावेत. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एकेक तास वाढवत न्यावे.

मात्र आपल्याकडे जोडे दाराबाहेर राहतात. ओट्यापाशी चार-चार तास उभी राहणारी बाई अनवाणी, टणक टाइल्सवर असते. इनसोल लाभतो तो भाजी आणायला जाते तेवढा वेळ. म्हणून घरात वापरायला मागे पट्टा असलेली, कमानीला आधार देणारी वेगळी सँडल घ्या. देवघरापुरती काढली तर बिघडत नाही.

इनसोलइतकाच ताण देण्याचा व्यायाम महत्त्वाचा. सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी दुखरे पाऊल दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटे नडगीकडे ओढा. तळव्यात दोरीसारखा ताण हाताला लागला पाहिजे. 10 आकडे मोजून सोडा. असे 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून 30 सेकंद थांबा. आराम पडायला आठवडेच नव्हे, काही महिनेही लागतात. स्टिरॉइडचे इंजेक्शन लवकर आराम देते. पण तो फार टिकत नाही आणि वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा, टाचेची नैसर्गिक गादी झिजण्याचा धोका असतो.

दुखणे चवड्यात असेल तर पॅड दुखऱ्या जागेखाली चिकटवू नका. त्याने दाब वाढतोच. दुखऱ्या जागी कुंकवाचा ओला ठिपका लावून इनसोलवर उभे राहा. ठसा उमटेल, त्याच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला पॅड बसवा.

पाच-सहा वर्षांखालील मुलांचे तळवे सपाटच दिसतात. चवड्यांवर उभे केल्यावर कमान उमटत असेल आणि पाय दुखत नसेल, तर बुटात काही घालायची गरज नाही.

मधुमेह्यांनी मात्र स्वतः प्रयोग करू नयेत. बधिर पायाला टणक इनसोल घासला तर जखम होऊनही कळत नाही. त्यांना एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ) रबराची, मागे पट्टा असलेली पादत्राणे लागतात. गरम पाण्याचा शेक तर नकोच. मधुमेह नसला तरी टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येणे, रात्री झोपेतही ठणकणे, पायाला मुंग्या येणे किंवा तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबर आखडणे, यांपैकी काहीही असेल तर दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावे.

मापाचा इनसोल लागलाच, तर भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असलेल्या ऑर्थोटिस्टकडूनच (शरीराला आधार देणारी साधने मापाने बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून) घ्यावा. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत ही सोय आहे. जाताना रोजचे जुने जोडे सोबत न्या. तळ कुठे झिजला आहे हे त्यावर दिसते.

— एक ऑर्थोटिस्ट, ठाणे