पाणी आलं, ते येऊ दिलं

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

आपली जुनी लाकडी बोट शुक्रवारी पाण्यात उतरली. फोनवर तू "गळली का?" हे तीनदा विचारलंस आणि मी "नीट लिहून कळवतो" म्हणून फोन ठेवला. त्या वेळी माझं सगळं लक्ष पंपाच्या आवाजाकडे होतं. आज जरा निवांत आहे.

गळली. चांगली गळली. क्रेनच्या दोन रुंद पट्ट्यांवरून तिला अलगद खाली सोडलं. तळ पाण्याला टेकल्याबरोबर मी आत उतरलो आणि टॉर्च घेऊन पायाखालच्या फळ्या उचलल्या. आधी काहीच दिसेना. मग कण्याच्या दोन्ही अंगांना, जिथे पहिल्या फळ्या बसतात तिथे, बारीक चकाकत्या रेघा उमटल्या. बघता बघता त्यांचे ओघळ झाले. एक पंप सुरू होता, तरी पाणी हटेना. दुसरा सुरू केला तेव्हा कुठे पातळी थांबली. चार वर्षं खपून केलेल्या कामात असं पाणी शिरताना बघवत नाही गं. पोटात गोळा आला.

पण हे व्हायचंच होतं. गेल्या उन्हाळ्यात आपलं यावरूनच वाजलं होतं. तू म्हणत होतीस, तळाच्या दोन थरांमध्ये आधुनिक रबरी सीलंट भरू, म्हणजे पहिल्या दिवसापासून थेंब येणार नाही. ती पद्धत चांगली आहे, तिनं केलेल्या बोटी वर्षानुवर्षं टिकल्या आहेत. मी मात्र जुन्या रीतीला धरून राहिलो: आतला थर, त्यावर सांध्यात भरायच्या मसाल्यात भिजवलेलं कापड, त्यावर महोगनीच्या फळ्या आणि ब्राँझचे स्क्रू. कारण एकच. उद्या एखादी फळी कुजली, तर ती सोडवून नवी बसवता आली पाहिजे. सीलंटनं चिकटलेली फळी सुटत नाही, फोडूनच काढावी लागते. १९५१ साली क्रिस-क्राफ्ट कंपनीत ज्यानं ही रिव्हिएरा बोट बांधली, त्यानं ती पुढच्या माणसाला उघडता येईल अशी बांधली होती, म्हणून तर आपल्याला ती उघडता आली. न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममधून क्रिस-क्राफ्टच्या हल कार्डाची, म्हणजे या बोटीच्या नोंदीच्या कार्डाची, प्रत आली, त्या दिवशी तू लाकडात ठोकलेला नंबर मोठ्यानं वाचत होतीस आणि मी कार्डावरचा आकडा बघत होतो, आठवतं? तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं.

तर लाकडाचं असं. फळी लांबीत जवळजवळ वाढतच नाही, रुंदीत वाढते. ढिला झालेला फावड्याचा दांडा पाण्यात ठेवला की आवळतो, तेच हे. सहा इंच रुंदीची कोरडी फळी पाणी पिऊन दोन टक्के फुगली तरी तीन मिलिमीटर वाढते, आणि आपल्या फटी त्याहून बारीक होत्या. म्हणून सांध्यांत मसाला काठोकाठ भरू नकोस, असं मी तुला सारखं बजावत होतो. "बाबा, ही फट उघडीच दिसते," असं तू म्हणायचीस. ती उघडीच हवी होती. फटीत कडक काही ठासलं आणि फळीला फुगायला जागा उरली नाही, तर ती स्क्रू उपसते, नाहीतर आतली बरगडी तडकवते. तिथे तुझा हात हलका होता. ते काम तुझं, आणि ते बरोबर झालं आहे.

उतरवण्याआधी आठवडाभर मी आतून ओली पोती अंथरून ठेवली होती. काही जण जमिनीवरच बोटीत पाणी भरून ठेवतात. मला ते पटत नाही. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि तेही उलट्या बाजूनं. तळ बाहेरून येणारा दाब झेलायला बांधलेला असतो, आतून ढकलायला नव्हे.

पहिली रात्र तिला पट्ट्यांवरच ठेवलं. बोट तरंगत होती, पण पट्टे खाली तसेच, म्हणजे दोन्ही पंप बंद पडले तरी बुडणार नाही. मी धक्क्यावर खुर्ची टाकून बसलो. रात्री दीडच्या सुमारास उजव्या बाजूच्या एका सांध्यातून धार लागली, करंगळीएवढी. सीलंटची नळी हाताशी होती. आतून भरलं असतं तर धार कदाचित थांबली असती आणि मला झोप लागली असती. मी नळीचं टोपण काढलं आणि परत लावलं. दुसऱ्यांदा काढलं, तेव्हा उठून ती गाडीत ठेवून आलो. पहाटेपर्यंत त्या धारेचे थेंब झाले होते.

रविवारी दुपारी इंजिन लावलं. आधी झाकणं उघडून ब्लोअर, म्हणजे आतली हवा बाहेर काढणारा पंखा, चार मिनिटं चालवला आणि खाली वाकून वास घेतला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी जाऊन बसते आणि एका ठिणगीची वाट बघते. नाकावर माझा कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त विश्वास आहे. मग किल्लीला हात घातला, तर किल्लीशेजारी तू चिकटवलेली चिठ्ठी: "पाण्याचा कॉक उघडला?" नव्हता उघडला. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घेणारा तो कॉक रात्री मीच बंद केला होता. तो कॉक तू हट्टानं बसवून घेतलास, मी नको म्हणत होतो. चिठ्ठी नसती तर इंजिन कोरडं फिरलं असतं आणि पंपाचा नवा रबरी पंखा मिनिटाभरात जळाला असता. चिऊ, मी ती चिठ्ठी आता प्लास्टिकमध्ये घालून पक्की लावली आहे.

सहाही सिलिंडर तिसऱ्या झटक्याला बोलले. मागच्या नळीतून पाणी फेकलं जाऊ लागलं. तो आवाज तुला ऐकवायला फोन काढला, पण दोन्ही हात गुंतलेले होते.

आता जे लिहायला जड जातं ते लिहितो. मी तिला तुझ्याशिवाय चालवली. बारा मिनिटं, हळू, धक्क्याच्या नजरेच्या टप्प्यात. थांबायचं ठरवलं होतं, पण ग्लँड, म्हणजे प्रोपेलरचा दांडा (शाफ्ट) बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं बूच, बसवून बघायचा तर शाफ्ट फिरायलाच हवा. अर्ध्या मिनिटाला एक थेंब पडू लागला, तितकाच हवा. अगदी कोरडा आवळला तर शाफ्ट तापतो. हे खरं कारण आहे, पण तेवढंच नव्हतं. मला राहवलं नाही. राग आला तर फोन करून बोल, मी ऐकून घेईन.

शाफ्टचं अलाइनमेंट, म्हणजे तो इंजिनाशी एका रेषेत आणणं, अजून व्हायचं आहे. जमिनीवर केलं होतं, पण बोट पाण्यात बसली की तिचा आकार किंचित बदलतो. काल कपलिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि शाफ्टच्या जोडात, फट मोजायचा फीलर गेज घातला, वर आणि खाली सहा हजारांश इंचाचा फरक निघाला. चारच्या आत आणायचा आहे. तू येईपर्यंत तिला पुन्हा चालवणार नाही, ते माप आपण दोघं मिळून लावू. गेज तुझ्या खणात ठेवला आहे.

वहीचं पान सोबत जोडतो. पंप कधी चालला त्याच्या वेळा आहेत. शुक्रवारी संध्याकाळी लिहायला फुरसतच नव्हती, तो थांबतच नव्हता. शनिवारी सकाळी दर दहा मिनिटांनी, रात्री पाऊण तासानं. सोमवारी दिवसात चारदा. आज बुधवार, संध्याकाळचे सहा वाजले आहेत, सकाळपासून एकदाच.

तुझा,
बाबा