टोटल लॉस झालेली गाडी अजून माझ्याच नावावर

महोदय,

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा आमची वॅगन आर पार्किंगमध्येच होती. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर सीटवर बोटभर गाळ, आणि पुढच्या कप्प्यातल्या ह्यांच्या पासबुकाचा लगदा झालेला.

गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली किंमत, ३,१०,००० रुपये होती आणि दुरुस्तीचा अंदाज निघाला २,६०,०००. खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरतात. पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पॉलिसीचे सात महिने उरले होते, तेवढा हप्ता परत मिळेल असं वाटलं होतं. पण पूर्ण क्लेम दिला की पॉलिसी तिथेच संपते. तेही पटलं.

गाडीचा सांगाडा न्यायला आलेल्या माणसाने गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या मागितल्या, कंपनीच्या माणसासमोरच. "मॅडम, नेहमीची पद्धत आहे." मी करून दिल्या. डिसेंबरात मोबाइलवर ई-चलन आलं, सोलापूर रस्त्यावर वेगमर्यादा ओलांडल्याचं. फोटोत नंबर आमचा, आणि मागच्या काचेवर नातीने चिकटवलेलं फुलपाखरूसुद्धा तसंच.

दंड मी भरेनही. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आमची पॉलिसी संपलेली, नवी कुणी काढली की नाही कोण जाणे, आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव माझं. त्या गाडीखाली कुणी सापडलं तर? गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. पेन्शनवर राहणारी मी ती कुठून भरणार?

संगम पुलाजवळच्या आरटीओत गेले तेव्हा मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ कळलं. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत कळवून आरसी जमा करायची असते. क्लेमच्या एवढ्या कागदांवर सह्या घेतल्या, त्यात ही एक ओळ कुणाला घालता आली नाही?

आरसी रद्द झाल्याचा किंवा नव्या मालकाच्या नावावर चढल्याचा कागद हातात पडेपर्यंत विमा कंपनीने सांगाडा जागचा हलू देऊ नये, एवढीच मागणी आहे. आणि आमच्या भागात ज्यांनी अशाच कोऱ्या सह्या दिल्या असतील, त्यांनी एम-परिवहन ॲपवर आपला जुना नंबर टाकून गाडी कुणाच्या नावावर दिसते ते आजच पाहावं.

— एक निवृत्त शिक्षिका, सिंहगड रस्ता, पुणे